परिंगा ते हरीहरी : न्यूझीलंडमधला कॅम्परप्रवास

सोमवार : ख्राइस्टचर्च ते टेकापो

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात सदर्न आल्प्सची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. पूर्वेला कँटरबरीचं कोरडं, सपाट मैदान. पश्चिमेला डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेला वेस्ट कोस्ट. या रांगेवरून पलीकडे जायला गाडीचे घाट मोजकेच आहेत. आम्ही हास्ट पासने पश्चिमेला उतरून आर्थर्स पासने परत यायचं ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझी आई. महिना ऑक्टोबरचा. तिकडे तेव्हा वसंत असतो, पण घाटांवर बर्फ पडू शकतं.

कॅम्पर, म्हणजे मागे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ताब्यात घेताना भाड्याच्या कंपनीतल्या मुलीने पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, गॅसचा कॉक, शौचालयाची कॅसेट असं सगळं दाखवलं. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि मागच्या घराची वेगळी, हेही सांगितलं. मागच्या बॅटरीवर दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतो. गाडी धावली की ती आपोआप चार्ज होते, असं ती म्हणाली.

तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे तासाभरात हात बसला. राकायाच्या नदीवरचा पूल जवळपास पावणेदोन किलोमीटर लांब आहे, देशातला सगळ्यात लांब रस्तापूल. खाली पाणी थोडं आणि गोटे फार. या नद्यांचं पात्र एवढं रुंद कशासाठी, असं तेव्हा वाटलं. त्याचं उत्तर पुढे, वेस्ट कोस्टला गेल्यावर मिळालं.

जेराल्डिन, फेअरली आणि बर्क्स पास मागे टाकून टेकापोला पोचलो तेव्हा तळ्यावरून सोसाट्याचा वारा सुटला होता. कॅम्प-साइटवर गाडी लावून हँडब्रेक ओढला, तर सगळी गाडी डावी-उजवीकडे हलत होती. शेजारच्या मोटरहोममधून एक वयस्कर गृहस्थ टोपी सावरत आले. न विचारता बोनेटवर थाप मारून म्हणाले, "तोंड वाऱ्याकडे करा. आडवी लावलीत तर रात्रभर झोप नाही." मग स्वतः उभे राहून त्यांनी गाडी वळवून घेतली. उताराकडच्या चाकाखाली घालायला आपल्याकडचे पिवळे प्लॅस्टिकचे पाचर आणून दिले. आत कटोरीत पाणी ठेवून पातळी बघायची युक्तीही त्यांचीच. आईला ती फार आवडली. पुढे रोज संध्याकाळी गाडी थांबली की पहिली कटोरी तीच काढायची.

त्यांच्या गाडीच्या काचेवर मोटर कॅरॅव्हॅन असोसिएशनचं चिन्ह होतं. १९५६ साली सुरू झालेली ही संघटना. रस्त्यात समोरून तसं चिन्ह लावलेली गाडी आली की चालक एकमेकांना हात करतात. आमची गाडी भाड्याची, तरी लोक आम्हालाही हात करत.

मंगळवार : आओराकी

आकाश निरभ्र होतं. पुकाकी तळ्याच्या कडेने रस्ता सरळ आओराकी माउंट कुककडे जातो, आणि ३,७२४ मीटरचं ते शिखर पन्नासएक किलोमीटर सतत समोर राहतं. पाण्याचा निळा रंग हिमनद्यांनी दगड दळून केलेल्या पिठामुळे येतो. ते पीठ इतकं बारीक असतं की तळाशी बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड विखुरतं. एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या आधी याच डोंगरांत तयार झाले. १९४८ साली आओराकीची दक्षिण धार पहिल्यांदा चढणाऱ्यांत ते होते.

व्हाइट हॉर्स हिल या सरकारी तळावर मुक्काम केला. इथे विजेची जोडणी नसते. समोर सेफ्टन शिखराच्या कड्यावरून अधूनमधून बर्फ कोसळायचं आणि त्याचा गडगडाट पडल्यानंतर काही क्षणांनी ऐकू यायचा. आम्ही केआ पॉइंटपर्यंत चालून आलो, खिचडी केली आणि रात्री आठच्या सुमारास दिवे मंद होत होत गेले. हीटरचा पंखा थांबला. मागची बॅटरी चार्जच झालेली नव्हती.

बाहेर पारा शून्याच्या आसपास. आम्ही दोघं कसेही निभावलो असतो, पण आईला दमा आहे. ती काही बोलली नाही, नुसती शाल डोक्यावरून घेऊन बसली. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. इंजिन चालू ठेवून पुढच्या हीटरवर रात्र काढावी तर सगळ्या तळाला त्रास, आणि तिथे ते चालतही नाही.

तेवढ्यात दारावर टकटक झालं. पलीकडच्या व्हॅनमधल्या बाई होत्या. आमचे दिवे जाताना आणि मग टॉर्च फिरताना त्यांनी खिडकीतून बघितलं होतं. "गॅस आहे ना? मग पाणी उकळत ठेवा," म्हणाल्या आणि परत गेल्या. आल्या त्या दोन रबरी पिशव्या घेऊन, लोकरीच्या विणलेल्या खोळी घातलेल्या. पाणी कडकडीत नको, पिशवी दोनतृतीयांशच भरायची, मग छातीशी धरून आतली हवा काढायची आणि नंतर बूच लावायचं, हे त्यांनी करून दाखवलं. एक पिशवी आईच्या पायांशी आणि एक पोटाशी ठेवली. मग आईच्या मनगटावर दोन बोटं ठेवून त्या थोडा वेळ घड्याळाकडे बघत बसल्या. आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या होत्या. "छान आहेत या. रात्री दोनला पाणी बदला," मला म्हणाल्या.

आईला इंग्रजी जेमतेम येतं. तिने गॅसवर आल्याचा चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. दोघी गाडीच्या पायरीवर बसून तो प्यायल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, पण बराच वेळ बोलल्या.

सकाळी उठलो तर त्यांची व्हॅन गेलेली होती. आमच्या वायपरखाली चिठ्ठी होती. पिशव्या लागतील तितके दिवस वापरा, नंतर ज्याला गरज दिसेल त्याला द्या, एवढाच मजकूर.

बुधवार : ट्वायझेल, लिंडिस पास, हावेया

भाड्याच्या कंपनीला फोन लागला, पण त्यांचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. तोवर जागेवर थांबा म्हणाले. आम्ही थांबलो नाही, ट्वायझेलला गेलो. हे गाव १९६८ साली जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवलं. काम संपल्यावर मोडून टाकायचं होतं, पण गावकऱ्यांनी ते टिकवलं. तिथल्या छोट्या गॅरेजमधल्या माणसाने लिफ्टवर एक गाडी चढवलेली होती. ती तशीच ठेवून तो आमच्या कॅम्परखाली शिरला. इंजिनाकडून मागच्या बॅटरीकडे येणाऱ्या केबलचं टोक गंजून सैल झालं होतं. त्याने ते कापलं, तांबं उघडं करून घासलं, नवीन लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, दाबून बसवला आणि मीटर लावून आकडा आम्हाला दाखवला. पैसे विचारले तर नुसत्या लगचे घेतले. मजुरी का नाही म्हटल्यावर, "दहा मिनिटांचं कसलं बिल करायचं," म्हणून लिफ्टवरच्या गाडीकडे वळला.

त्या गाडीचा मालक सगळा वेळ बाकावर बसून होता. त्याची दहा मिनिटं आम्ही घेतली होती. मी आभार मानले तर म्हणाला, "कुठे जाताय? कोस्टला? मग डिझेल हास्टला पुन्हा भरा, अर्धी टाकी असली तरी."

९७१ मीटरवरचा लिंडिस पास सोनेरी गवताने भरलेला आहे, झाडाचं नाव नाही. रात्र हावेया तळ्याकाठी. हीटर व्यवस्थित चालला, तरी आईने पिशवी घेतलीच.

गुरुवार : हास्ट पास

मकारोराच्या पुढे जंगल सुरू होतं आणि हवाच बदलते. हास्ट पास फक्त ५६२ मीटर उंचीचा आहे, पण तो ओलांडला की झाडांवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, रस्त्याच्या कडेलाही शेवाळ. टास्मान समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगरांना धडकून वर चढतात आणि सगळं पाणी इथेच टाकतात. होकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीकाठी वर्षाला सरासरी ११ मीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. घाटाच्या पलीकडे पन्नास-साठ किलोमीटरवर मात्र शेतकरी पाटाच्या पाण्यावर शेती करतात.

हा रस्ता पुरा व्हायला १९६५ उजाडलं. त्याआधी हास्टकडच्या लोकांना उत्तरेला जायला जनावरांची पायवाट, समुद्र नाहीतर छोटं विमान एवढेच मार्ग होते. २०१३ साली घाटात डायना फॉल्सपाशी प्रचंड दरड कोसळली आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो भाग रात्री बंद ठेवावा लागला. इथली माणसं रस्त्याबद्दल बोलताना "उघडा आहे का?" असंच विचारतात. रस्ता असणं आणि रस्ता उघडा असणं या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हास्टला डिझेल भरलं. पंपावरच्या बाईंनी भिंतीवरच्या हवामानाच्या कागदावर बोट ठेवलं. रात्रीपासून मुसळधार पावसाचा इशारा होता. "उद्या निघायचं तर सकाळी निघा आणि फॉक्स गावात थांबा. पुढे वायहो नदीच्या पुलाचं सांगता येत नाही." रात्रभर छपरावर पाऊस इतका कोसळला की एकमेकांशी बोलताना आवाज चढवावा लागत होता.

शुक्रवार : परिंगा

सकाळी सातला रस्ता उघडा असल्याची खात्री करून निघालो. हास्ट ते फॉक्स ग्लेशियर १२० किलोमीटर. मोबाइलची रेंज तुटक येते आणि बहुतेक वेळ नसतेच. नाइट्स पॉइंट, मोएराकी तळं असं करत हळूहळू जात होतो. एका वळणावर वरून घरंगळलेले दगड रस्त्यात पडले होते. समोरून गाडी येत होती, सरकायला जागा नव्हती. डावं मागचं चाक एका धारदार दगडावरून गेलं आणि टायरची भिंतच फाटली.

नवऱ्याने गाडी कशीबशी खडीच्या पट्टीवर घेतली. पाऊस चालूच होता. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली होती, जॅक आणि पानाही होता. पण नट हलेनात. नवऱ्याने पान्यावर उभं राहून जोर लावला, तरी नाही. खडी भिजून मऊ झालेली, जॅक चढवला की तोच खाली रुतत होता. तासभर झटापट केली. तेवढ्यात दोन गाड्या गेल्या. दोन्ही थांबल्या. दोन्हींत आमच्यासारखेच प्रवासी होते आणि त्यांच्याकडेही आमच्याएवढंच सामान होतं.

मग गुरं भरलेला एक ट्रक आला. अशा ओल्या वळणावर, मागे जिवंत जनावरांचं वजन असताना, थांबणं शक्य नव्हतं. चालकाने वेग अगदी कमी केला, काच खाली केली आणि ओरडून विचारलं, "कोणाला लागलंय?" मी नाही म्हणून मान हलवली. "परिंगाच्या पुलावर सांगतो." आणि गेला.

अर्ध्या तासाने एक जुना पिकअप उलट दिशेने आला. पिवळा रेनकोट आणि कमरेपर्यंतचे गमबूट घातलेला साठीचा माणूस उतरला. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्याने आधी पिकअप आमच्या मागे वळणाच्या अलीकडे उभा करून दिवे लुकलुकते ठेवले, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबून कळेल. आईला आणि मला कठड्याच्या पलीकडे उभं केलं. मग मागून एक जाड फळी आणि हातभर लोखंडी पाइप काढला. फळी जॅकखाली. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, त्यामुळे दांडा दुप्पट लांब झाला. एका हाताने चाक धरून त्याने पाइपच्या टोकावर हळूहळू भार टाकला, झटका अजिबात नाही. नट कर्रर्र आवाज करून सुटला. "चाक जमिनीवर असतानाच सगळे एकेक फेरा सैल करायचे. वर उचलल्यावर नाही." बाकीचे त्याने नवऱ्याकडून करून घेतले. नवीन चाक बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला लावले. वीस मिनिटांत काम झालं.

तो व्हाइटबेट पकडणारा होता. व्हाइटबेट म्हणजे काही गोड्या पाण्यातल्या माशांची पिल्लं. नदीत जन्मून समुद्रात वाहून जातात आणि वसंतात, बोटाएवढ्या लांबीची झाली की, पुन्हा नद्यांमध्ये शिरतात. त्यांचा हंगाम १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर. त्या दोन महिन्यांसाठी कोस्टवरचे कित्येक लोक नदीकाठच्या झोपड्यांत राहायला जातात. पाण्यात लाकडी मचाण, त्याला जाळीच्या चौकटी आणि मागे पिशवीसारखं जाळं. ट्रकवाल्याने पुलाजवळ थांबून ज्या पहिल्या झोपडीत धूर दिसला तिथे सांगितलं, ती याची होती.

नवऱ्याने पाकीट काढलं. त्याने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "हरीहरीवरून जाणार ना?" जाणारच होतो, दुसरा रस्ताच नाही. मग त्याने पिकअपमधून थर्माकोलची पेटी काढली. आत बर्फात पिशव्यांमध्ये मासे होते, आठवड्याभराचे. नदी आता चढणार, पुढचे दोन-तीन दिवस त्याला तिथून हलता येणार नव्हतं, आणि झोपडीत बर्फ टिकणार नव्हता. पेटी हरीहरीत त्याच्या बहिणीकडे द्यायची. पेटीवर मार्करने तिचं नाव होतं, पत्ता नव्हता. "शाळेच्या पुढे विचारा, कोणीही सांगेल."

अनोळखी माणसांच्या हातात त्याने आठवड्याची मेहनत ठेवली. बाजारात हे मासे फार महाग जातात, हे आम्हाला नंतर कळलं. मी त्याला आमचा फोन नंबर लिहून द्यायला लागले, तर म्हणाला, "कशाला? इथे रेंज कुठे आहे?" आणि घाईने निघून गेला. ती घाई कसली होती, तेही दुसऱ्या दिवशी कळलं.

फॉक्सला पोचेपर्यंत दुपार झाली आणि पुढचा रस्ता बंद झाला होता. वायहो नदी फ्रान्झ जोसेफ हिमनदीतून निघते आणि इतका दगडगोटा वाहून आणते की तिचं पात्रच वर वर येत चाललं आहे. मार्च २०१९ मध्ये तिच्यावरचा पूल वाहून गेला होता. लष्कराने आणि रस्ते विभागाने १८ दिवसांत नवा बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून करतात तसा, उभा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा अतिवृष्टी होऊन शेकडो पर्यटक या भागात अडकून पडले होते. त्यामुळे फॉक्सच्या लोकांना असे दिवस नवे नाहीत. कॅम्प-साइटच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना सामायिक स्वयंपाकघरात यायला सांगितलं, शेगडीत लाकडं घातली आणि तंबूवाल्या मुलांना आपल्या कपडे वाळवायच्या खोलीत झोपायला जागा दिली. जादा पैसे नाहीत.

मला काळजी पेटीची. मालकीणबाईंना फ्रिजरबद्दल विचारलं. पेटीवरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, "परिंगाहून?" आणि स्वतःच ती उचलून आत नेली. बर्फ बदलला, झाकणावर चिकटपट्टी लावली. संध्याकाळी एका जर्मन मुलाने सगळ्यांसाठी पास्ता उकळला, आईने त्यात घालायला टोमॅटोची झणझणीत चटणी केली, आणि चार देशांची मुलं ती ब्रेडला लावून खात होती. सॅंडफ्लाय नावाच्या चावऱ्या चिलटांवर काय लावायचं, यावर मोठी चर्चा झाली. निष्कर्ष निघाला नाही.

शनिवार : हरीहरी

पाऊस पहाटे थांबला. दुपारी बारानंतर रस्ता उघडला. वायहोवरून जाताना पाणी राखाडी रंगाचं होतं आणि त्यात दगड एकमेकांवर आदळल्याचा आवाज पुलावर, बंद काचेतून ऐकू येत होता. राकायाचं पात्र इतकं रुंद का, याचं उत्तर तिथे मिळालं. या नद्या एका रात्रीत आपलं सगळं पात्र वापरतात.

हरीहरी हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं लहानसं गाव. बहिणीचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. सत्तरी ओलांडलेल्या बाई, हातात करवत. पेटी बघून म्हणाल्या, "कालपासून वाट बघतेय. रस्ता बंद होता ना?" भावाकडून निरोप आलेला होता. परिंगाचा ट्रकवाला, तिथून फॉक्सची मालकीणबाई, तिथून फोन. आमच्या गाडीचा रंगही त्यांना माहीत होता.

त्यांनी पेटी उघडून एक पिशवी काढली. मासे काचेसारखे पारदर्शक, फक्त डोळे काळे दिसतात. दोन अंडी फोडून त्यात मूठभर मासे आणि मीठ घातलं. पीठ घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. तव्यावर लोणी वितळल्यावर ते ओतलं, तसे मासे क्षणात पांढरे झाले. ब्रेडच्या दोन कापांत घालून आमच्या हातात दिलं. आई मासे खात नाही, तिच्यासाठी चीज-टोस्ट. पूर्वी बादल्या भरायच्या, आता तसं राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. दलदली आटवल्या, नदीकाठ गुरांनी तुडवले, आणि यातल्या काही जाती आता धोक्यात आहेत. त्या स्वतः वर्षाला ठरावीक पिशव्याच ठेवतात.

खाता खाता सहज बोलल्या, "त्याच्या दोन चौकटी गेल्या काल. पाणी अचानक चढलं, काढायला वेळ मिळाला नाही."

आमच्या चाकाखाली तो फळी लावत होता, तेव्हा त्याची जाळी नदीत होती. घाई ती होती. आम्ही तिघंही गप्प झालो. नवऱ्याने पुन्हा पैशांचा विषय काढला, चौकटींची किंमत तरी द्यायची म्हणून. बाईंनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "चौकटी जातात. दरवर्षी एखादी जातेच. पैसे ठेवा तुमचे. पण तुम्हाला चार हात आहेत, आणि माझी लाकडं बाहेर भिजतायत."

मग आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत त्यांची लाकडं पत्र्याच्या शेडमध्ये रचली. सालीची बाजू वर, दोन ओळींमध्ये हवेला फट, खाली दोन ओंडके आडवे म्हणजे ओल चढत नाही. त्या उभ्या राहून सांगत होत्या आणि चुकलेलं लाकूड परत काढायला लावत होत्या. हात सोलवटले. पण या प्रवासात मला सगळ्यात बरं वाटलं ते त्या दोन तासांत. घेतलेल्या मदतीचं ओझं पैशाने उतरत नाही म्हणून अडून बसलेलं काहीतरी, पहिल्यांदा सुटं झालं.

अंधार पडण्याआधी त्यांनी आम्हाला गावातल्या विमानापाशी नेलं. ७ जानेवारी १९३१ रोजी गाय मेंझिस नावाचा २१ वर्षांचा ऑस्ट्रेलियन तरुण सिडनीहून एकटाच टास्मान समुद्र ओलांडून इथे आला. त्याच्याआधी असं एकट्याने कोणी केलं नव्हतं. जवळपास बारा तास उडून त्याला खाली हिरवं, सपाट कुरण दिसलं आणि त्याने विमान उतरवलं. ती ला फोंटेनची दलदल होती. विमान उलटं झालं आणि तो पट्ट्यांना लटकून राहिला. जखम मात्र फारशी नाही. त्या विमानाची प्रतिकृती गावाने जपून ठेवली आहे. बाई काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे येणारे सगळे काही ठरवून येत नाहीत." रात्री गाडी त्यांच्याच आवारात लावली.

रविवार : होकिटिका

होकिटिकाला टाक्या रिकाम्या केल्या, पाणी भरलं, कपडे धुतले. किनाऱ्यावर नद्यांनी आणून टाकलेल्या ओंडक्यांचा खच पडला होता. कॅम्प-साइटच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, तिथे पुढे जाणारे लोक उरलेलं तेल, मीठ, डाळ ठेवून जातात. आईने तिथे एका मुलीला हातावर फुंकर मारताना बघितलं. सायकलवर एकटी फिरणारी, तंबूत राहणारी, थंडीने ओठ काळेनिळे पडलेले. आईने गाडीतून एक रबरी पिशवी आणली, दोनतृतीयांश भरली, छातीशी धरून हवा काढली आणि खुणांनी सगळं समजावून तिला दिली. दुसरी अजून आईकडेच आहे.

सोमवार : आर्थर्स पास, ख्राइस्टचर्च

घाट ओलांडायला हवा उत्तम मिळाली. ओटिराचा ४४० मीटरचा पूल १९९९ साली झाला. त्याआधीचा रस्ता जिथून जायचा ती दरडींची बाजू पुलावरून दिसते आणि पूल का बांधला ते सांगावं लागत नाही. आर्थर्स पास गावात केआ पोपट गाडीच्या दाराचं रबर उचकटत होते.

कॅम्पर परत केला. कंपनीने फाटलेल्या टायरचे पैसे कापले आणि केबलच्या दुरुस्तीचे परत दिले. विमान रात्रीचं होतं, म्हणून मासेमारीचं सामान विकणारं एक दुकान शोधलं. व्हाइटबेटच्या चौकटी मागितल्या. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कोणती नदी?" परिंगा म्हटल्यावर त्याने तयार चौकटी परत आत ठेवल्या. तिकडचे लोक आपल्या मचाणाच्या मापाने चौकट स्वतःच करतात, त्यांना नुसती जाळी द्यावी, असं तो म्हणाला. नियमात बसणारी जाळी त्याने मापून कापली, दोन चौकटींना पुरून थोडी उरेल एवढी, आणि गुंडाळी खाकी कागदात बांधली. पत्ता आमच्याकडे बहिणीच्या नावाचा आणि हरीहरीचाच होता. तेवढा पुरतो म्हणाला. बुधवारी पोचेल. हंगाम संपायला अजून आठवडा होता.